एकेचाळीस खोकी आणि एक पायमशीन: परदेशी सामान पोचवणाऱ्या कंपनीचा अनुभव

पॅकिंगला पाचपैकी पाच, कागदपत्रांना दोन. सरासरी साडेतीन.

कंपनीचं नाव देत नाही, कारण एका आरशाच्या भरपाईचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. शिवाय मी चार कंपन्यांची कोटेशनं मागवली होती आणि चौघांच्या अटी कार्बन ठेवून लिहिल्यासारख्या निघाल्या. नाव दुसरं असतं तरी हे असंच झालं असतं.

मी सोळा वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरला होते. आवक-जावक, चलन, मोजमाप यात आयुष्य गेलं. त्यामुळे ह्यांना परदेशी नोकरी लागली तेव्हा घर हलवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

सर्व्हे व्हिडिओ कॉलवर झाला. मुलगा म्हणाला, "ताई, मोबाइल फक्त घरभर फिरवा." फिरवला. कपाटं बाहेरून बघितली, माळ्याबद्दल विचारलंच नाही, आणि दहा मिनिटांत साडेचार घनमीटर असा आकडा देऊन मोकळा झाला. मी टेप घेऊन बसले. त्यांचं नेहमीचं खोकं ६० × ४५ × ४५ सेंटीमीटरचं, म्हणजे ०.१२ घनमीटर. अशी ४१ खोकी झाली पाच घनमीटर, आणि पायमशीनची पेटी अर्धा. साडेपाच. बिल आलं ६.२ चं! कारण खोकी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या पाटावर, रचतात आणि माप त्या अख्ख्या ढिगाचं, बाहेरून घेतात. मधल्या फटी आणि खालच्या फळ्या आपल्याच खात्यात. अटींमध्ये हे लिहिलेलं होतं, एका ओळीत. तुमचं सामान कंटेनरभर नसेल (वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते) तर ते इतरांच्या मालाबरोबर जातं. अशा वेळी "आकारणी कुठल्या मापावर?" हा प्रश्न सर्व्हेच्या दिवशीच विचारा.

याच हिशेबातली एक गंमत माझ्या नवऱ्याला अजून पटत नाही. तो म्हणत होता, पुस्तकं जड आहेत, ती इथेच देऊन टाकू, उशा-गाद्या नेऊ. अगदी उलटं करायला हवं. बोटीने जाणाऱ्या सुट्या मालाला एक घनमीटर किंवा एक टन, यातलं जे जास्त भरेल त्यावर भाडं लागतं. घनमीटरभर घरगुती सामान टनाच्या जवळपासही जात नाही, म्हणून भाडं जागेचं, वजनाचं नाही. पुस्तकांचं खोकं आणि उशांचं खोकं सारख्याच भाड्यात जातं. विमानाने पाठवलंत तर आणखी वाईट: लांबी, रुंदी, उंचीच्या गुणाकाराला ६००० ने भागायचं आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरायचं. म्हणजे पाच किलो उशांचं तेच खोकं सव्वावीस किलोचं ठरतं. पुस्तकं सगळी आणली. उशा तिकडेच वाटून टाकल्या.

आता पॅकिंग. चौघं आले, सकाळी नऊ ते रात्री आठ. काम बघत राहावं असं. काचेच्या प्रत्येक वस्तूला कागदाचे दोन वेढे, तळाशी चुरगाळलेल्या कागदाची गादी, ताटल्या आडव्या न ठेवता उभ्या. खोकं बंद केल्यावर हलवून कान लावायचे, आत काही वाजलं तर पुन्हा उघडायचे. एकही कप फुटलेला नाही. मात्र ही मंडळी समोर दिसेल ते पॅक करतात. स्वयंपाकघरातला कचऱ्याचा डबा त्यांनी आतल्या कचऱ्यासकट बांधला. तो अकरा आठवड्यांनी इथे उघडला, खोकं क्रमांक २७. यादीत त्याच्यापुढे व्यवस्थित लिहिलंय: "डबा, प्लास्टिक, एक नग".

कचऱ्याचं हसण्यावारी नेता येतं. लेकीच्या शाळेची आणि लसीकरणाची फाइलही टेबलावरून उचलून खोक्यात गेली होती. पट्टी मारायच्या आधी सापडली म्हणून बरं. तेव्हा एक खोली, निदान बाथरूम, आदल्या रात्रीच कुलूप लावून ठेवा. पासपोर्ट, मूळ प्रमाणपत्रं, औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दागिने, लॅपटॉप सगळं त्यात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण ब्रँडची नावं देश बदलला की बदलतात. पॉवर बँक बोटीच्या सामानात देऊ नका. विमानातही ती चेक-इनमध्ये चालत नाही, हातातच ठेवावी लागते. आणि जन्म, लग्न, पदवी यांचे दाखले नुसते जवळ असून भागत नाही, निघण्याआधी त्यांच्यावर अपोस्टिल, म्हणजे दाखला खरा असल्याचा सरकारी शिक्का, करून घ्या. १९६१ च्या हेग कराराने आलेली ही पद्धत, आणि शिक्का दाखला देणाऱ्या देशातच मिळतो. जायचा देश करारात नसेल तर त्याच्या वकिलातीतून साक्षांकन. तिकडे पोचल्यावर आठवलं तर नातेवाइकांना हेलपाटे.

पायमशीनबद्दल जरा सविस्तर लिहिते. ते माझ्या आईचं, ओतीव लोखंडाचं, म्हणून लाकडी पेटी सांगितली होती. पेटी आली ती कच्च्या फळ्यांची, कुठेही छाप नाही. मी ती परत पाठवली. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कारखान्यातून निर्यातीचा माल जायचा तेव्हाची सवय कामी आली: परदेशी जाणाऱ्या लाकडी पेटीचं लाकूड, किडे आणि बुरशी सोबत जाऊ नये म्हणून, सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवलेलं असावं लागतं, आणि तसं केल्याचा गव्हाच्या लोंबीचा छाप, देशाची अक्षरं आणि 'एच. टी.' (हीट ट्रीटेड, म्हणजे तापवलेलं) लाकडावर उमटवलेलं असावं लागतं. छाप नसेल तर पलीकडचं बंदर पेटी अडवतं, परत धाडतं किंवा जाळतं, आणि खर्च आपला. प्लायवूडला हा नियम नाही. दुसऱ्या दिवशी प्लायवूडची पेटी आली. कंपनीच्या लोकांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. कुणी बघणार नाही, एवढंच.

विजेच्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही. मागच्या लेबलवर १००–२४० व्होल्ट असेल तर न्या, नुसतं २२०–२४० असेल आणि जायचा देश १२० वाला असेल तर सोडा.

कागदांना दोनच का, ते आता. पॅकिंग करताना मुकादम एक यादी लिहितो, नगवार, आणि प्रत्येकापुढे इंग्रजी अक्षरं टाकतो. एस.सी. म्हणजे ओरखडे, सी.एच. म्हणजे टवका, डी म्हणजे पोचा, एम म्हणजे डाग-खुणा. पी.बी.ओ. म्हणजे मालकाने स्वतः बांधलेलं. ही अक्षरं म्हणजे तुमचा माल निघतानाच कसा होता याची नोंद, आणि खाली सही तुमची. आमच्या मुकादमाने नव्याकोऱ्या वस्तूपुढेही सवयीने एस.सी., एम ठोकून दिलं. मी प्रत्येक ओळीला थांबवलं, खोडायला लावलं, खोडल्यावर दोघांच्या सह्या. तो वैतागला, पण खोडत गेला. पी.बी.ओ.चं तर विमेवाले सरळ सांगतात: आत काय होतं, कसं बांधलं होतं, आम्हाला काय ठाऊक. फूटतुटीची भरपाई त्यावर सहसा मिळत नाही. मी हौसेने बांधलेला टेबललँप फुटला, त्यावर मी बोलायलाही गेले नाही.

तरी विमा काढाच. समुद्राचा एक जुना कायदा आहे, जनरल ॲव्हरेज. जहाज वाचवायला कुणाचा माल फेकला किंवा मोठा खर्च केला, तर त्याचा भार सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा, तुमचं खोकं सुखरूप असलं तरीही. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' जहाज सहा दिवस अडकलं तेव्हा जहाजाच्या मालकांनी हेच जाहीर केलं होतं. विमा असेल तर ते निस्तरण्याचं काम विमा कंपनीचं.

आमचं जहाज कुठे अडकलं नाही. अडकलो आम्ही. वापरलेलं घरगुती सामान बहुतेक देश करमुक्त सोडतात, पण तुम्ही राहायला आल्याचा पुरावा बघून. युरोपीय संघात वस्तू आधी किमान सहा महिने वापरलेली हवी आणि राहायला आल्यापासून बारा महिन्यांत आणलेली हवी. आमचा निवास परवाना हातात यायला चार आठवडे उशीर झाला, तोवर माल गोदामात. फुकटचे दिवस संपल्यावर रोजचं भाडं सुरू. हे कंपनीने आधी सांगायला हवं होतं. "सहा ते आठ आठवडे" म्हणताना ही अट त्यांनी गिळली. परवान्याची तारीख हातात आल्यावर माल रवाना करा, चार दिवस जमिनीवर झोपलात तरी चालेल.

"दारापासून दारापर्यंत" हेही अर्धंच खरं. बंदरावरची हाताळणी, सीमाशुल्काची तपासणी, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, ट्रकपासून दारापर्यंतचं जादा अंतर, सगळं वेगळं. कोटेशनच्या जवळजवळ चौथा हिस्सा वर गेला.

शेवटी इथला ड्रायव्हर. खोकी जिन्यात टेकवली आणि कागद पुढे केला, "सर्व माल सुस्थितीत मिळाला". उघडायच्या आधी! मी त्याच कागदावर लिहिलं, "४१ खोकी मोजून घेतली, आतला माल तपासलेला नाही, क्र. ३८ ची बाजू दबलेली", आणि मग सही केली. त्याने खांदे उडवले आणि गेला.

क्र. ३८ मध्येच आरसा होता, तडकलेला. विमा कंपनीने माझी नोंद मान्य केली, पण निघतानाची यादी काढून दाखवली: आरसा, सी.एच., एस.सी. ती ओळ रात्री पावणेआठची होती, माझ्या सहीसकट. त्या वेळी मी कुलपाची किल्ली शोधत होते. आरशाचा त्याच सकाळचा फोटो मात्र आहे माझ्याकडे, तारखेसह, आणि त्यात कडा धड दिसते. तो पाठवून आज एकवीस दिवस झाले.