सोसायटीत रोजच्या भाड्याचे फ्लॅट: नियम बांधून परवानगी की सरळ बंदी?

सर्वसाधारण सभेपुढे हा विषय आला की बहुतेक ठिकाणी दोन मसुदे फिरतात. एअरबीएनबीसारख्या ॲपवरून फ्लॅट द्यायला हरकत नाही, पण नोंद, ओळखपत्रं, पार्किंग आणि रात्रीचा गोंगाट यांचे नियम पाळा, असं पहिला मसुदा म्हणतो. दुसऱ्यानुसार एका महिन्याहून कमी मुदतीसाठी फ्लॅट द्यायचाच नाही. पुण्यातल्या आमच्या सोसायटीत मी समितीवर असताना पहिली पद्धत राबवली आहे, आणि आता दुसरीत राहतो आहे. तुमच्या इमारतीचं गणित वेगळं असू शकतं, हे धरूनच पुढचं वाचा.

नियमांच्या बाजूने बोलण्यासारखं खरंच खूप आहे. येणारा प्रत्येक जण पार्टी करायला येत नाही. आमच्याकडे सगळ्यात जास्त दिवस राहिलेली मंडळी म्हणजे जवळच्या हॉस्पिटलात पेशंट असलेली कुटुंबं. हॉटेल परवडत नाही, डबा करायला ओटा हवा असतो आणि आठ-दहा दिवसांत परतायचं असतं. त्यांना अकरा महिन्यांचा करार काय कामाचा? शिवाय ज्याने कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेतला, त्याला हप्ता भरायला हा आधार असतो. सहकारी सोसायटीत सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यापासून अडवणं सोपं नाही, आणि नसावंही.

पैशाच्या बाबतीत मात्र अनेकांचा समज चुकीचा असतो. ‘परवानगी देऊ आणि जादा शुल्क घेऊ’ असं सभेत कोणीतरी म्हणतंच. पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी घेते ती जादा रक्कम, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर बांधून ठेवलं आहे. सेवाशुल्क महिना ३००० रुपये असेल तर हातात ३०० रुपये येतात. तेवढ्यात जादा कचरा, लिफ्ट आणि उन्हाळ्यातले टँकर भागत नाहीत. प्रत्येक पाहुण्यामागे वेगळी रक्कम आकारायला गेलात तर सहकार न्यायालयाची पायरी चढायची तयारी ठेवा.

पाणी, पार्किंग, आवाज या तक्रारी दोन्ही पद्धतींत कमी-जास्त राहतात. माझं मत बनलं ते गेटवर.

नियम समिती करते, पण ते रात्री दीड वाजता राबवायचे कोणी? वॉचमनने. फ्लॅटचा मालक बंगळुरूत. चावी दाराशेजारच्या नंबरच्या डबीत. गाडीतून पाच जण उतरतात आणि मोबाइलवर बुकिंग दाखवतात, त्यावर एकाचंच नाव असतं. बाकी चौघांची ओळखपत्रं मागितली की आवाज चढतो. मालकाचा फोन लागत नाही. चार-पाच फ्लॅट सांभाळणारा मॅनेजर झोपेतून उठून ‘सोडा हो आत’ एवढंच म्हणतो. वॉचमनने सोडलं तर सकाळी समिती त्याला विचारते, नाही सोडलं तर मालक एजन्सीकडे त्याची तक्रार करतो. इमारतीत सगळ्यात कमी पगार घेणाऱ्या माणसावर आपण सगळ्यात अवघड निर्णय टाकत होतो, आणि तोही रोज रात्री. रजिस्टरमध्ये ‘राहुल अधिक ४’ अशी नोंद दिसायची. तिचा दोष मी वॉचमनला कधीच दिला नाही. नियमांचा मसुदा कितीही बारकाईने लिहा, त्याची ही बाजू मला सुधारता आली नाही.

नेहमीच्या भाडेकरूचं तसं नसतं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो. त्याची प्रत आणि पोलिसांकडे दिलेली माहिती समितीकडे येते, आणि पुढे महिनोन् महिने गेटवर प्रश्न उद्भवत नाही. चेहरा ओळखीचा होतो. दोन रात्रींच्या मुक्कामात या ओळखीला वेळच मिळत नाही.

बंदीतही पळवाट आहे. मालक ‘माझे पाहुणे आहेत’ असं सांगतो. पण तो फ्लॅट ॲपवर फोटोंसकट दिसतो. समितीने दिवसाउजेडी ती जाहिरात पाहायची आणि सभासदाला पत्र द्यायचं. भांडण व्हायचंच असेल तर ते समिती आणि मालक यांच्यात होतं. वॉचमनला त्यात उभं राहावं लागत नाही. माझ्यापुरता काटा इथेच झुकला.

जगात दोन्ही वाटांची उदाहरणं आहेत. सिंगापूरने २०१७ पासून खासगी घरांसाठी किमान तीन महिन्यांची मुदत ठेवली आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची कडक अंमलबजावणी सुरू झाली. तिथे ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमान स्वतः त्या घरात हवा आणि पाहुणे फार तर दोन. स्पेनमध्ये एप्रिल २०२५ पासून नव्याने पर्यटकांना फ्लॅट द्यायचा तर इमारतीतल्या तीन-पंचमांश मालकांची संमती लागते. आपल्या सोसायटीच्या सभेला हे सगळ्यात जवळचं. गोव्यात पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तशी नोंद सरकारला उपयोगी आहे, पण रात्रीच्या गेटवरचा प्रश्न तिने सुटत नाही.

न्यूयॉर्कच्या अटीतली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते: मालक घरात असणं. आमच्याच इमारतीत एक काकू एकट्या राहतात आणि मागची खोली देतात. पाहुणा आला की इंटरकॉमवर काकू उत्तर देतात आणि खाली येऊन त्याला घेऊन जातात. त्यांच्याबद्दल एकही तक्रार आली नाही. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ योजनेतही मालकाचं कुटुंब त्याच घरात राहायला हवं, अशी अट आहे. म्हणून आमच्या बंदीत हा अपवाद आम्ही ठेवला, आणि तो तुम्हीही ठेवावा असं मला वाटतं. पेशंटच्या नातेवाइकांची सोय अशा घरांत काही अंशी होते. पूर्ण होत नाही, आणि याची मला आजही टोचणी आहे.

तुमची इमारत लहान असेल, बहुतेक मालक तिथेच राहत असतील आणि रोजचं भाडं घेणारे एक-दोनच फ्लॅट असतील, तर नियमांनी कदाचित भागेल. मोठी सोसायटी, बाहेरगावचे मालक आणि एजन्सीचे दर महिन्याला बदलणारे वॉचमन असतील, तर मी बंदीच सुचवेन.

फक्त साधा ठराव करून थांबू नका. उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नोंदणीकृत नियमावलीत, दुरुस्ती करा. त्यासाठी सभेत हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत आणि निबंधकांची मंजुरी लागते, तेव्हा मसुदा आधी सहकार कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. आणि आधीच घेतलेली बुकिंग पूर्ण करायला मालकांना दोन-तीन महिन्यांची मुदत द्या. आमच्याकडे तेवढ्यावर दोन नाराज सभासदही तयार झाले.