घोडी घेताना धनुर्वाताच्या 'कायमच्या लशी'ला भुलू नका

वरातीसाठी घोडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, कारण आम्हाला लुबाडणारा दलाल अजूनही बाजारात उजळ माथ्याने फिरतोय.

घोडी देखणी होती, चालीलाही छान. सौदा जुळत आला तसा तो म्हणाला, "दादा, हिला गेल्या साली धनुर्वात होऊन गेलाय. एकदा झाला की जन्मात परत होत नाही. वर आजच कायमची लस टोचून देतो." डॉक्टर म्हणून कुणीतरी आला, मानेत सुई दिली, कोऱ्या कागदावर तारीख खरडली. एवढ्यापोटी पाच हजार जास्तीचे घेतले.

दोन्ही गोष्टी धादांत खोट्या. धनुर्वाताचं विष इतकं जालीम असतं की जीव घेणारी मात्राही शरीराला प्रतिपिंडं तयार करायला पुरत नाही. म्हणून आजारातून वाचलेल्या जनावरालाही लस द्यावीच लागते. रिकामी कुपी भावाने जपून ठेवली होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी नंतर लेबल वाचलं: अँटिटॉक्सिन. म्हणजे दुसऱ्या जनावराच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी शोधलेलं हे औषध जखमेच्या वेळी मोलाचं, पण संरक्षण उसनं. दोन-तीन आठवड्यांत संपतं.

पावसाळ्यात घोडीच्या खुरात खिळा गेला. जखम वरून मिटली, आत लीद-माती राहिली. हवा न पोचणारी अशी जागाच या जंतूला मानवते. मग चाल आखडली, कान ताठ, शेपटी उचललेली. जवळ टाळी वाजली की तिसरी पापणी झर्रकन डोळ्यावर यायची. पुढे दातखीळ बसली. बादलीत तोंड बुडवून उभी राहायची, घोट उतरायचा नाही. अंधारात ठेवली, कानांत कापूस घातला, पेनिसिलिन झालं, अँटिटॉक्सिनही झालं. पण मज्जातंतूंना एकदा चिकटलेलं विष त्याने सुटत नाही. घोडी गेली. अंगणात ती तडफडताना पाहणं फार वाईट होतं.

धनुर्वाताला घोडा सगळ्यात हळवा, त्यामुळे इथे फसवणूक म्हणजे थेट जिवाशी खेळ. शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती कमवायला लावते ती लस टॉक्सॉइड. पहिल्यांदा चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, नंतर दरवर्षी एक. एका सुईत 'कायमची' असं काही नसतं. विकणारा लस झाली म्हणाला तर दोन्ही तारखा, बॅच नंबर आणि डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. कागद नसेल तर लस झालीच नाही असं धरून आपल्या डॉक्टरांकडून पहिल्यापासून सुरू करा. तुमच्यासमोर सुई देत असतील तर आधी कुपी हातात घ्या, लेबलाचा फोटो काढा, आणि त्यावर टॉक्सॉइड लिहिलेलं दिसल्याशिवाय लशीचे म्हणून पैसे देऊ नका.