दोन गुंठ्यांचा प्लॉट आणि ‘सगळे कागद क्लिअर’: ही फसवणूक नेमकी कशी होते

गुंठ्याच्या प्लॉटमध्ये पैसे बुडालेल्या माणसाची फाइल उघडली की बऱ्याचदा आतला एकही कागद बनावट निघत नाही. सातबारा खरा असतो, झोन दाखला खरा असतो, नोटरीचा शिक्काही खरा असतो. खोटं असतं ते त्या कागदांबद्दल विकणाऱ्याने तोंडी सांगितलेलं. म्हणून वकिलाला कागद दाखवले तरी लोक फसतात. वकील कागद तपासतो, पण ग्राहकाला काय सांगितलं गेलंय हे त्याला माहीत नसतं.

पुणे, ठाणे, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांच्या भोवतालच्या गावांत हा प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे. पुढचे आकडे हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत, पद्धत मात्र जशी घडते तशीच आहे.

जाहिरात असते ‘एनए बंगलो प्लॉट, दोन गुंठे, स्वतंत्र सातबारा, सुलभ हप्ते’. साइटवर गेलं की कमान उभी असते, खडी टाकलेला रस्ता असतो, चुन्याची फक्की मारून प्लॉट आखलेले असतात. टोकन घेतलं जातं आणि मग कागद दाखवायला सुरुवात होते.

पहिला कागद सातबारा. एजंट बोट ठेवतो ते मालकाच्या नावावर. त्याच्या आजूबाजूचं वाचायला हवं. गटाचं क्षेत्र १.६२.०० लिहिलेलं असतं, म्हणजे १ हेक्टर ६२ आर, साधारण चार एकर. भोगवटादाराच्या रकान्यात एक नाव नसून वीस-पंचवीस नावं असतात आणि खाली ‘सामाईक क्षेत्र’ अशी ओळ असते. याचा अर्थ वाटप झालेलं नाही. कुठला कोपरा कुणाचा हे सरकारदरबारी ठरलेलंच नाही, मग त्यातले दोन गुंठे दाखवून ‘हे तुमचे’ कुणीही म्हणू शकत नाही, मालक स्वतःसुद्धा नाही. भाऊ विकतात आणि बहिणींना विचारलेलंही नसतं. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा मुलाइतकाच हिस्सा आहे. तिने वाटपाचा दावा लावला की पहिला फटका प्लॉटधारकाला बसतो.

त्याच उताऱ्यावर वरच्या बाजूला भूधारणा पद्धती लिहिलेली असते. भोगवटादार वर्ग १ असेल तर मालक सहसा परवानगीशिवाय विकू शकतो. वर्ग २ असेल तर ती जमीन कुळकायद्याने मिळालेली, वतनाची, पुनर्वसनाची किंवा सरकारने अटीवर दिलेली असते आणि विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, बहुधा नजराणा, म्हणजे सरकारने ठरवलेली रक्कम, भरून. परवानगीविना झालेली विक्री शर्तभंग ठरते आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. ‘वर्ग दोनचं एक करून देतो, अर्ज टाकलाय’ या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका. आदेश हातात आल्यावरच बोला. आदिवासी खातेदाराच्या जमिनीबाबत तर हे बंधन आणखी कडक आहे.

‘इतर अधिकार’ हा रकाना लोक वाचतच नाहीत, आणि खरी माहिती तिथेच असते. सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, न्यायालयाचा मनाई हुकूम, भूसंपादनाची नोंद, सगळं याच रकान्यात येतं. तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ असा मजकूर असतो. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची नोंद. तिथे क्रमांक दिसला तर त्या जमिनीवर काहीतरी नुकतंच घडलंय आणि नोंद अजून पक्की झालेली नाही. तो फेरफार वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. उतारा एजंटच्या हातातला घेऊ नका, त्याने दिलेली झेरॉक्स सहा महिन्यांपूर्वीची असू शकते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूलेखच्या सेवेतून १५ रुपयांत मिळतो आणि त्यावरच्या १६ अंकी क्रमांकाने तो खरा आहे का हेही तपासता येतं.

एवढं करूनही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकी त्याने निर्माण होत नाही. मालकी येते ती खरेदीखत, वाटपपत्र, बक्षीसपत्र, वारसा अशा मार्गांनी, आणि त्याची साखळी फेरफारांत दिसते. म्हणून प्रत्येक नावासमोरचा फेरफार क्रमांक घेऊन ती नोंद काढा आणि मागे मागे जात किमान तीस वर्षांचा माग लावा. गाव नमुना ६ म्हणजे हीच फेरफार नोंदवही. साखळीत एखादा वारस अचानक गायब झालेला दिसला तर त्याचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का ते विचारा. साध्या कागदावरचं ‘संमतीपत्र’ चालत नाही.

आता ‘एनए’, म्हणजे बिनशेती. सर्वाधिक पैसे याच दोन अक्षरांवर घेतले जातात. ग्राहकाला दाखवतात तो बहुतेक वेळा झोन दाखला असतो. विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत तो गट रहिवासी विभागात आहे, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. ‘आर झोन’ म्हणजे भविष्यात तिथे घर बांधायला परवानगी मिळू शकते. जमीन बिनशेती झाली असा त्याचा अर्थ नाही. रहिवासी विभागातल्या किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी महसूल संहितेत सोपी वाट आहे हे खरं. एजंट तिचाच आधार घेऊन ‘आपोआप एनए’ म्हणतात. पण त्या वाटेनेही रूपांतराची रक्कम सरकारजमा करावी लागते आणि नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेलं रेखांकन, म्हणजे प्लॉटचा लेआउट, लागतं. रक्कम भरल्याचं चलन आणि मंजूर रेखांकन, हे दोन कागद मागा. ऑफिसच्या भिंतीवरचा रंगीत नकाशा म्हणजे रेखांकन नव्हे. मंजूर नकाशावर प्राधिकरणाचा शिक्का, मंजुरी क्रमांक आणि तारीख असते. तो क्रमांक घेऊन त्या कार्यालयात स्वतः जा.

प्लॉटिंगलाही महारेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता प्रकल्पांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, लागू आहे. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर नोंदणीशिवाय जाहिरात किंवा विक्री करता येत नाही. चार एकरांत प्लॉट पाडून विकणारा माणूस ‘आमच्याकडे रेरा लागत नाही’ म्हणाला तर तिथूनच परत फिरावं. नोंदणीकृत प्रकल्पातही नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे.

मोजमापातली चोरी छोटी वाटते, पण छोटी नसते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. विक्रेते सर्रास ‘गुंठा म्हणजे हजार फूट’ म्हणतात. दोन गुंठ्यांत १७८ फूट तिथेच जातात. ४०० रुपये फुटाने ७१,२०० रुपये झाले. पुढे ‘रस्ता आणि मोकळी जागा वजा’ म्हणत पैसे २१७८ फुटांचे घेऊन ताबा सोळाशे फुटांचा देतात. सातबाऱ्यावर गुंठे नसतात, हेक्टर-आर असतात. दोन गुंठे तिथे ०.०२.०२ असे दिसायला हवेत. व्यवहारापूर्वी भूमी अभिलेख खात्याची मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या. खाजगी सर्व्हेअरचा नकाशा हद्दीच्या वादात टिकत नाही.

यानंतर येतं ते सगळ्यात महागात पडणारं पाऊल. पैसे भरत आले की ‘खरेदीखत नंतर करू, आत्ता साठेखत करून टाकू’ असं सांगतात आणि पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी होते. सोबत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी) आणि ताबा पावती. ग्राहक समजतो, प्लॉट आपला झाला. साठेखत हा विक्रीचा करार आहे, विक्री नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ प्रमाणे त्याने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नोटरी सही करणाऱ्याची ओळख आणि सही प्रमाणित करतो, व्यवहार नोंदवत नाही. त्यामुळे तुमच्या करारानंतर मूळ मालकाने तीच जमीन दुसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकली तर दुय्यम निबंधकाच्या सूचीत, म्हणजे इंडेक्स २ मध्ये, त्या दुसऱ्याचं नाव येतं. तुमच्या नोटरीचा तिथे मागमूसही नसतो. ‘ताबा माझ्याकडे आहे’ हा बचावही लंगडा पडतो, कारण २००१ पासून ताब्यासह केलेला करार नोंदणीकृत असेल तरच त्याच अधिनियमाच्या कलम ५३ अ चं संरक्षण मिळतं.

नोंदणी का टाळतात? कारण बहुतेक वेळा ती करता येत नसते. शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा विकायला तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आड येतो. शहरालगत या कायद्यात अलीकडे सवलती आल्या आहेत, पण त्या तुमच्या गटाला लागू आहेत का हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या. ‘गुंठेवारीत नियमित होऊन जाईल’ हेही असंच. गुंठेवारी म्हणजे परवानगीविना पाडलेले छोटे प्लॉट. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. आज नव्याने पाडलेला प्लॉट त्यात कसा बसणार?

पळवाट म्हणून काही जण दहा-अकरा गुंठ्यांचं एकच खरेदीखत पाच-सहा अनोळखी ग्राहकांच्या नावे करून देतात. नोंदणी होते, सातबाऱ्यावर नावही लागतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण हक्क अविभक्त राहतो. कर्ज काढताना, विकताना, बांधकाम परवानगी घेताना बाकीच्यांच्या सह्या लागतात. त्यात जमीन शेतीची असेल तर प्रत्येक खरेदीदार शेतकरी असावा लागतो, नाहीतर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे व्यवहारच अडचणीत येतो.

सर्वात शेवटी दाखवतात ग्रामपंचायतीचा नमुना ८. घरपट्टी तुमच्या नावाने लागली, वीज मीटर आलं, आता काय राहिलं? हा कर आकारणीचा उतारा आहे. तलाठ्याकडचा ८अ म्हणजे खातेदाराच्या गावातल्या एकूण जमिनीचा उतारा, तो वेगळा. आकड्यातल्या सारखेपणाचा फायदा घेऊन एक दाखवून दुसरा असल्याचं भासवतात. घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही आणि अनधिकृत बांधकामाची नोटीसही थांबत नाही.

पैसे अडकले असतील तर हप्ते त्याच दिवशी थांबवा आणि पावत्या, चेकचे तपशील, जाहिरात, व्हॉट्सअॅपवरचे संदेश एकत्र करा. रोख दिलेल्या रकमेची कबुली संदेशातून मिळते का पाहा. विक्रेता ‘जुने कागद द्या, नवे करून देतो’ म्हणेल, मूळ प्रत देऊ नका. वकिलामार्फत नोटीस पाठवून खरेदीखताची मागणी लेखी नोंदवा. करारपूर्तीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं असते. करारात तारीख दिली असेल तर ती तिथून मोजतात, नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. पोलीस तक्रार स्वतंत्रपणे करता येते. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, आधीच्या घटनेला भारतीय दंड संहितेचं ४२०. नोंदणी न केलेल्या प्रकल्पाबद्दल महारेराकडे वेगळी तक्रार होते. दरम्यान त्या गटाचा सातबारा आणि इंडेक्स २ दर आठवड्याला पाहत राहा. नव्या विक्रीचा फेरफार दिसला तर नोटिशीच्या पंधरा दिवसांत तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकत आली की ती नोंद विवादग्रस्त ठरते आणि सुनावणी झाल्याशिवाय प्रमाणित होत नाही.