खोकल्याच्या ‘इम्पोर्टेड’ पावडरवाल्यापासून सावध राहा

वराहपालनाच्या ग्रुपवर कुणी खोकणाऱ्या पिलांचा व्हिडिओ टाकला की तासाभरात या माणसाचा फोन येतो. मलाही तसाच आला. दूध तोडलेली पिल्लं, कोरडा खोकला, काहींचं पोट भात्यासारखं वर-खाली. ‘दादा, इंजेक्शनात पैसे घालवू नका, आपली इम्पोर्टेड पावडर खाद्यात कालवा.’ पैसे आधी, बिल मागाहून. ते बिल अजून येतंय!

खरी लबाडी पुढच्या वाक्यात होती. ‘सुरुवातीला खोकला वाढेल. फुप्फुसातली घाण सुटते ती. घाबरून डॉक्टर बोलावू नका.’ म्हणजे पिल्लं बिघडत गेली तरी औषध लागू पडतंय असंच वाटावं. त्यात जी जास्त आजारी होती ती खाद्याला तोंडच लावत नव्हती, मग पावडर पोटात जाणार कुठून?

पिल्लं दगावू लागली तेव्हा डॉक्टरांनी एक उघडून पाहिलं. फुप्फुसाचा पुढचा भाग जांभळट आणि घट्ट. बहुधा मायकोप्लाझ्मा, म्हणाले. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. टायलोसिन, टायाम्युलिन, ट्युलाथ्रोमायसिन अशी औषधं लागतात. टायाम्युलिन द्यायचं तर खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन हे औषध आधीच मिसळलेलं नाही ना, हे आधी बघावं लागतं. टायाम्युलिन यांच्यापैकी एकाबरोबरही पोटात गेलं तर जनावर दगावू शकतं. फोनवरचा एजंट हे कशाला विचारतोय?

डबा डॉक्टरांनी ओल्या हातानं धरला आणि वरचं लेबल सरकलं. खाली कोंबडीचं चित्र, ‘कोलिस्टीन सल्फेट’ आणि केव्हाच उलटलेली मुदत. कोलिस्टीन हे अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर आतड्यातून रक्तात जवळजवळ उतरतच नाही, फुप्फुसापर्यंत काय पोचणार! शिवाय माणसांच्या गंभीर संसर्गात ते अखेरचं हत्यार असल्यामुळे केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्येच मांस-दूध-अंड्यांसाठी पाळलेल्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि खाद्यासाठी त्याच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली आहे.

हाच माणूस आता दुसऱ्या नावानं फोन करतोय. त्याला बॅच नंबरचा फोटो आणि परवाना क्रमांक असलेलं पक्कं बिल मागा, फोन तोच ठेवतो. ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी डबा फेकू नका, लेबलही पूर्ण सोलू नका. पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटसह तो अन्न व औषध प्रशासनाच्या औषध निरीक्षकाकडे घेऊन जा.