ईएल८४चा घरगुती स्टिरिओ: चॅनेलमागे एक व्हॉल्व्ह की जोडी?

व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अँप्लिफायर बांधताना स्पीकर चालवायला ईएल८४ हा आउटपुट व्हॉल्व्ह वापरायचा हे ठरलं की पुढचा प्रश्न लगेच समोर येतो. सिंगल-एंडेड (चॅनेलमागे एकच आउटपुट व्हॉल्व्ह) बांधायचा की पुश-पुल (उलटसुलट काम करणारी जोडी)? मलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनीने १९५०च्या दशकातच दोन्ही वाटा आखून दिल्या होत्या. ३-३ म्हणजे तीन व्हॉल्व्हमध्ये तीन वॉट, त्यात एकच ईएल८४. ५-१० म्हणजे पाच व्हॉल्व्हमध्ये दहा वॉट, त्यात ईएल८४ची जोडी. मी दोन्ही प्रकारचे अँप्लिफायर बांधले. सिंगल-एंडेड चार वर्षं रोज ऐकला, पुश-पुल गेली तीन वर्षं ऐकतोय.

सिंगल-एंडेडची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. दोन्ही चॅनेलना मिळून एक ईसीसी८३ (एका नळीत दोन छोटे ट्रायोड), दोन ईएल८४, एवढ्यावर काम होतं. फेज स्प्लिटर (सिग्नलच्या दोन उलट प्रती करणारा टप्पा) नाही, जोड्या जुळवायच्या नाहीत, सगळं सर्किट एका नजरेत मावतं. पेंटोड जोडणीत पाचेक वॉट मिळतात. मी मात्र ट्रायोड जोडणी केली, म्हणजे व्हॉल्व्हची स्क्रीन ग्रिड प्लेटला जोडली. ताकद दोन वॉटवर आली, पण गळा असा उमटायला लागला की गायिका दोन हातांवर बसली आहे असं वाटावं. या रचनेत दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा) उरतो आणि कानाला तो गोड लागतो, असं म्हणतात. कारण काहीही असो, बायकांचा आवाज मी त्याहून सुंदर कुठे ऐकलेला नाही.

व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र नाजूक प्रकरण आहे. एकाच दिशेने डीसी वाहतो, म्हणून गाभ्यात कागदाएवढी फट ठेवावीच लागते. माझ्या पहिल्या जोडीत वाइंडरने (ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणाऱ्याने) सवयीने गाभ्याच्या पट्ट्या उलटसुलट भरल्या. फट राहिली नाही, पस्तीसेक मिलिअँपनेच गाभा भरून गेला आणि डग्ग्याची मींड ऐकूच येईना, नुसती थाप उरली. पट्ट्या काढून पुन्हा भरल्यावर ते सुधारलं. तेव्हा वाइंडरला ‘ई’ आकाराच्या पट्ट्या एका बाजूला, ‘आय’ दुसऱ्या बाजूला, मधे कागद, हे तोंडी न सांगता लिहून द्या.

पण माझा निर्णय ट्रान्सफॉर्मरने झाला नाही, हमिंगने, म्हणजे स्पीकरमधून सतत येणाऱ्या गुणगुणीने झाला.

हमिंग दोन प्रकारचं असतं. ५० हर्ट्झचं हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) तारांतून येतं. तारांना घट्ट पीळ घातला, हीटरचा मध्य जमिनीला जोडला की ते जातं. १०० हर्ट्झचं येतं रेक्टिफायरने एसीचा डीसी केल्यावर उरलेल्या लहरींतून. सिंगल-एंडेडमध्ये ती लहर थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून जाते, तिला अडवणारं कुणी नसतं. त्यात ट्रायोड जोडणीत व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध कमी, म्हणून लहरीचा मोठा वाटा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरच (व्हॉल्व्हकडच्या वेटोळ्यावर) पडतो. ज्या जोडणीने मला तो गळा दिला, तिनेच हमिंगही वाढवलं.

मी सप्लायमध्ये १० हेन्रीचा चोक (लहर अडवणारं वेटोळं) बसवला. तो आउटपुट ट्रान्सफॉर्मरशी काटकोनात फिरवला. पुढे २२० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर टाकला. दिवसा काही ऐकू येत नव्हतं. पण रात्री दहानंतर, पंखा बंद करून विलंबित ख्याल लावला की ते हमिंग असायचंच. गायक काळी एकचा असेल तर षड्ज साधारण १३८ हर्ट्झ. म्हणजे तानपुऱ्याची पंचमाची तार १०४च्या जवळ. शेजारी माझं हमिंग १०० वर! उतरलेल्या पंचमासारखं ते तारेला चिकटायचं आणि सेकंदाला चारेक हेलकावे द्यायचं. आलाप सुरू होण्याआधीचं ते अर्धं मिनिट, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, तेच बेसूर व्हायचं. एकदा कानाने पकडलं की मग ते सुटत नाही.

तुमचे स्पीकर ८६-८७ डीबी संवेदनशीलतेचे (एका वॉटला कमी आवाज देणारे) असतील तर तुम्हाला हे कदाचित जाणवणारही नाही. पण तशा स्पीकरना दोन वॉट पुरत नाहीत. दोन वॉटसाठी ९४-९५ डीबीचे स्पीकर घ्यावे लागतात आणि ते जसं गाणं वाढवतात तसंच हमिंगही वाढवतात. या पेचातून मला तरी वाट सापडली नाही.

पुश-पुलमध्ये लहर प्रायमरीच्या मधल्या टॅपमधून (मध्यावरच्या जोडातून) दोन्ही अर्ध्यांत उलट दिशांनी शिरते आणि गाभ्यात एकमेकींना मारते. डीसीचंही तेच होतं, त्यामुळे फट नको, गाभा लहान चालतो, खर्ज मोकळा येतो. आधीच्या टप्प्यांचं फिल्टरिंग नीट करावं लागतंच. पण माझ्याकडे चोक न लावताही त्याच स्पीकरवर, त्याच खोलीत, कान जाळीला टेकवल्यावरच काहीतरी लागतं.

कटकटी यातही आहेत. चार ईएल८४ म्हणजे नुसत्या हीटरनाच तीन अँपियर. मे महिन्यात खोली तापते. चॅनेलमागे एक ईसीसी८३ लागतो: अर्धा गेनसाठी, अर्धा फेज स्प्लिटरसाठी. जोड्या जुळवाव्या लागतात. जुन्या बाजारातून भारत इलेक्ट्रॉनिक्सचे वापरलेले व्हॉल्व्ह आणून मी एकेक मोजून लावले, त्यात दोन रविवार गेले. जोडीला एकच कॅथोड रेझिस्टर देण्याऐवजी प्रत्येक व्हॉल्व्हला वेगळा २७० ओमचा द्या. ३०० व्होल्टच्या सप्लायवर त्याच्यावर साधारण १०-११ व्होल्ट दिसायला हवेत. जोडीत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर मी व्हॉल्व्ह बदलतो.

गळ्यातला तो जवळचेपणा पुश-पुलमध्ये थोडा कमी होतो, हे मान्य. फक्त ठुमरी, भावगीतं ऐकणार असाल, तेही संध्याकाळच्या वर्दळीत, तर सिंगल-एंडेड बांधा, मी अडवणार नाही. ख्याल ऐकत असाल तर वाइंडरकडे ८ किलोओम प्लेट-टू-प्लेटच्या (दोन्ही व्हॉल्व्हच्या प्लेटांमध्ये मोजलेला भार) आउटपुट ट्रान्सफॉर्मरांची जोडी सांगून या. माझा सिंगल-एंडेड कपाटावर आहे, अजून उत्तम चालतो. बायको सकाळी त्याच्यावर विविध भारती लावते.