एंजल माशांची 'प्रूव्हन पेअर' घेताय? आधी माझा पोपट कसा झाला ते वाचा

साडेतीन हजार पेअरचे, वर औषधं, आरओचं पाणी वगैरे धरून अजून दीडेक हजार. एवढ्याला गंडलोय मी, म्हणून लिहितोय.

डिसेंबरात इंदिरानगरच्या घरी दोन फुटी टँक एंजलच्या ब्रीडिंगसाठी लावला. नाशिकची थंडी माहितीये ना, हीटर 28 वर, स्पंज फिल्टर, सगळं जय्यत. ऑनलाइन एक जण सापडला, म्हणे प्रूव्हन पेअर आहे दादा, चार वेळा पिल्लं काढलीत, आणि व्हिडिओ पाठवला, सिल्वर एंजलची जोडी आणि भोवती पिल्लांचा ढग. मी जागेवर पाघळलो. घरी येऊन बघतो म्हटलं तर घरात आजारपण आहे, मीच द्वारका सर्कलला आणून देतो म्हणाला. पैसे आधी यूपीआयने. तिथंच कळायला पाहिजे होतं, पण डोक्यात पिल्लं पोहत होती.

बारा दिवसांनी फिल्टरच्या पाइपवर अंडी! रात्री अकराला बायकोला उठवून दाखवली. दोघं मासे आळीपाळीने पंख हलवून अंड्यांना वारा घालतायत, आपल्याला वाटतं काय संसार आहे. दुसऱ्या दिवशी निम्मी अंडी पांढरी, तिसऱ्या दिवशी सगळीच, वर बुरशीचा कापूस.

त्याला फोन केला तर म्हणे पाणी हार्ड आहे तुमचं, क्षार जास्त आहेत, आरओ टाका. टाकलं. परत पांढरी. मग म्हणे मिथिलीन ब्लू, म्हणजे बुरशीवरचं औषध, टाका, ते पण टाकलं, अख्खा टँक निळा आणि अंडी तरी पांढरीच. यात गंमत अशी की तो सांगत होता ते अगदीच खोटं नव्हतं, नवीन जोडीची पहिली एक-दोन वेळची अंडी खरंच बऱ्याचदा वाया जातात, हार्ड पाण्यात पण प्रॉब्लेम होतो, आणि याच्यावरच त्याने मला दोन महिने खेळवलं.

शेवटी सातपूरचे एक काका आले, वीसेक वर्षं एंजल पाळतायत. नेमकं त्या दिवशी मासे अंडी द्यायच्या तयारीत होते. काकांनी मोबाईलचा टॉर्च मारला, खाली वाकून पाहिलं आणि हसायलाच लागले. "अरे, दोघी बायकाच आहेत या."

अंडी देताना पोटाखाली छोटी नळी बाहेर येते, नराची बारीक टोकदार, मादीची जाड आणि बोथट. माझ्या दोन्ही माशांची बोथट. खऱ्या पेअरमध्ये मादी अंड्यांची ओळ चिकटवत जाते आणि मागून नर फिरतो, तो स्वतः अंडी चिकटवत नाही. माझ्याकडे दोघींच्या मागे अंडी चिकटत होती, म्हणून तर पाइप एवढा गच्च भरायचा आणि मी येडा त्याच्यावर खूश. नर नसला की दोन माद्या जोडी जमवतात, जागा साफ करतात, अंडी राखतात, सगळं करतात, फक्त अंडी फळत नाहीत. कपाळाला उंचवटा तो नर असं विकणाऱ्याने मला शिकवलं होतं, पण नुसत्या कपाळावरून एंजलमध्ये खात्री देता येत नाही.

काका गेल्यावर तो जुना व्हिडिओ परत लावला तर त्यातल्या एका माशाचा मधला काळा पट्टा अर्धाच होता. माझ्या दोन्हींचे पट्टे वरपासून खालपर्यंत अख्खे. मासेच वेगळे! सिडकोतल्या एका मित्राला दाखवला तर त्याला पण हाच व्हिडिओ आलेला, त्याचं नशीब की त्याने घेतलं नाही.

त्यामुळे अंडी दाखवली म्हणून पैसे सोडू नका, अंडी माझ्याकडच्या दोघी पण देतात. त्याच माशांची पिल्लं विकणाऱ्याच्याच टँकवर जाऊन बघा, आणि जमलं तर अंडी देताना जा, दोन्ही नळ्या बघा. येऊ देत नसेल तर सोडा. नाहीतर सरळ सहा-आठ छोटे एंजल घ्या, मोठे होताना जोडी आपोआप जमते, वेळ जातो पण स्वस्त पडतं.

मी विचारल्यावर तो विकणारा काय म्हणाला माहितीये? "दादा, नर देतो ना, पंधराशेत." नाही म्हटलं तर ब्लॉक केलं. काकांनी आता त्यांच्याकडचा एक नर आणून सोडलाय. दोघींनी त्याला हीटरमागच्या कोपऱ्यात कोंबून ठेवलाय, जेवायला पण पुढे येऊ देत नाहीत.