शरीर गुपित फोडते तेव्हा: 'कायजू गर्ल कॅरमलाइज' आधी वाचावी की 'चिबी व्हॅम्पायर'?

अकरावीतल्या माझ्या भाचीने विचारलेल्या एका साध्या प्रश्नातून हा आढावा निघाला. "मावशी, पैसे एकाच मालिकेपुरते आहेत, यांतली कोणती घेऊ?" असे म्हणून तिने दोन मांगांची, म्हणजे जपानी चित्रकथांची, नावे पुढे केली. वरवर पाहता दोन्हींची गोष्ट एकच वाटते. शाळेत शिकणारी एक मुलगी आहे, तिच्या आयुष्यात एक मुलगा येतो, तो जवळ आला की तिचे शरीर तिचे ऐकेनासे होते, आणि माणसांच्या जगात तिला जे लपवायचे असते नेमके तेच भलत्या वेळी बाहेर पडते. दोन्हींत विनोद आहे, दोन्हींत प्रेम आहे, आणि दोन्हींच्या नायिकांना आपण राक्षस आहोत याची लाज वाटते. मात्र दोन्ही वाचून झाल्यावर ज्या वाचकाला एक आवडेल त्याला दुसरी आवडेलच असे सांगता येत नाही.

'कायजू गर्ल कॅरमलाइज' ही आओकी स्पिका यांची मालिका 2018 पासून 'मंथली कॉमिक अलाइव' या मासिकातून येऊ लागली, आणि इंग्रजीत ती येन प्रेसने आणली. तिची नायिका आकाइशी कुरोए वर्गात एकटी आणि चिडखोर असते, कोणाच्या अध्यातमध्यात नसते. तिला एक विचित्र व्याधी आहे. भावना उचंबळून आल्या की तिच्या शरीराचा एखादा भाग बदलतो. हात खवलेदार होतो, शेपूट फुटते, पाठीवर काटे उभे राहतात. माणसांपासून दूर राहिले की भावना उसळत नाहीत, असा तिने आयुष्याचा हिशेब बसवलेला असतो. वर्गातला सर्वांचा लाडका, देखणा मिनामी आराता तिच्याशी सहज बोलू लागतो आणि तो हिशेब कोसळतो, कारण प्रेमाने होणारी छातीतली धडधड ही आजवरच्या कुठल्याही रागापेक्षा किंवा भीतीपेक्षा मोठी निघते. तेव्हा तिचा नुसता हात बदलून भागत नाही. ती पूर्ण कायजू होते, म्हणजे इमारतींहून उंच असा प्राणी, ज्याला पुढे हारुगॉन हे नाव मिळते.

ही मालिका घेण्याआधी वाचकाने 'कायजू' या शब्दामागची परंपरा थोडीशी समजून घ्यावी, कारण इथला अर्धा विनोद तिच्यावरच उभा आहे. 3 नोव्हेंबर 1954 रोजी तोहो कंपनीचा 'गॉडझिला' जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली होती. चित्रपटातला पन्नास मीटर उंचीचा प्राणीही अशाच चाचण्यांनी हुसकावलेला आणि पोळलेला आहे. तो टोकियो तुडवतो, पण मुळात त्याच्यावरच आधी अन्याय झालेला असतो. शिवाय पडद्यावरच्या त्या जडशीळ पोशाखाच्या आत नाकाजिमा हारुओ नावाचा एक जिवंत माणूस घामाघूम होऊन चालत होता. छोट्या पडद्यावर 1966 च्या 'अल्ट्रा क्यू' मालिकेत तर नाण्यांच्या हव्यासापायी एक मुलगाच कानेगॉन नावाचा नाणी खाणारा प्राणी होऊन बसतो. कायजूच्या आत माणूस असणे ही जपानी प्रेक्षकाची जुनी ओळख आहे. आओकी यांनी त्या माणसाच्या जागी प्रेमात पडलेली एक मुलगी बसवली, आणि सायरन, धावपळ, बातम्या, कोसळणाऱ्या इमारती हा सगळा ठरलेला सरंजाम तिच्या पहिल्या प्रेमाच्या लाजेला जोडून दिला. तिची लाज आता शहरभर दिसते, बातम्यांत येते. वयात येणाऱ्या मुलीला आपल्या चेहऱ्यावरची एक पुटकुळीसुद्धा साऱ्या जगाला दिसत असेल असे वाटते. इथे ते वाटणे अक्षरशः खरे होते.

नावातला 'कॅरमलाइज' म्हणजे साखर तापवून तांबूस करणे. ज्याने घरी कॅरॅमल पुडिंगसाठी साखर जाळली आहे त्याला ठाऊक असते की बराच वेळ काहीच होत नाही, आणि मग क्षणभरात रंग येतो, व हात आखडला नाही तर दुसऱ्या क्षणी ती करपते. मालिकेची लयही अशीच आहे. काही पाने शाळेतल्या छोट्या बोलण्यात, नजर चुकवण्यात, घरी परत येऊन उशीत तोंड खुपसण्यात जातात, आणि मग एकदम पूर्ण दोन पानांवर पसरलेली काळीभोर आकृती उभी राहते. चित्रकाराचा हात या दोन्ही टोकांना सारखाच पक्का आहे. शाळेतल्या चौकटींत गोल डोळे, मोकळी पांढरी जागा आणि मुलींच्या मासिकांत शोभावे असे नाजूक रेखाटन दिसते. कायजूच्या चौकटींत मात्र खवल्यांचे, धुराचे आणि ढिगाऱ्यांचे दाट शाईकाम येते. भाचीने शेपटीचे पान पाहिले तेव्हा ती आधी हसली आणि मग काही न बोलता मागचे पान पुन्हा उलटून पाहू लागली.

दोषही सांगितला पाहिजे. धडधड, बदल, पळापळ, पश्चात्ताप हे चक्र सुरुवातीच्या खंडांत इतक्या वेळा फिरते की सलग वाचणाऱ्याला पुढचे वळण आधीच कळते. ही मालिका एका बैठकीत संपवण्यापेक्षा थोडी थोडी वाचण्याची आहे. या चक्राला मध्येच छेद देणारी तोमोसातो मानात्सु ही माझ्या मते सर्वांत गमतीशीर व्यक्तिरेखा आहे. ती कायजूंची निस्सीम भक्त आहे, हारुगॉनवर तिचा अक्षरशः जीव जडलेला आहे, आणि तिला जे रूप सुंदर वाटते त्याचीच कुरोएला किळस येते. आपल्या ज्या अंगाचा आपण द्वेष करतो ते कोणाला तरी मनापासून आवडू शकते, हे सांगण्यासाठी लेखिकेला एकही भाषण लिहावे लागलेले नाही.

आता दुसरी मालिका. कागेसाकी युना यांची 'कारिन' 2003 ते 2008 या काळात 'मंथली ड्रॅगन एज' मासिकात आली आणि 14 खंडांत पूर्ण झाली. इंग्रजीत टोक्योपॉपने तिला 'चिबी व्हॅम्पायर' हे नाव दिले. माआका कारिन ही रक्तपिपासूंच्या घराण्यातली मुलगी, पण घराण्याला न शोभणारी. ती उन्हात निर्धास्त फिरते, रात्री झोपते, आणि तिला रक्त पिण्याची गरज नसते, कारण तिच्या शरीरात रक्त आपोआप वाढते. ते वाढले की एक तर दुसऱ्याला चावून त्याच्या अंगात सोडायचे, नाही तर नाकातून कारंजे उडते. तिचे रक्त उसळते ते दुःखी माणूस जवळ आला की, आणि नेमका तिच्या वर्गात उसुइ केंता हा गरिबीने गांजलेला मुलगा दाखल होतो.

राक्षसपणाच्या कल्पनेतच इथे फरक पडतो. कुरोएचे शरीर फुगते, बाहेर पसरते, शहर झाकून टाकते. कारिनचे शरीर गळते. कुरोएला भीती असते ती दिसण्याची, कारिनला भीती असते ती शाळेच्या स्वच्छ फरशीवर सांडण्याची. एवढे सांगितले तरी अनेक वाचकांची निवड होऊन जाईल. नाकातून रक्ताचा झोत ही जपानी विनोदी मांगांतली घासून गुळगुळीत झालेली खूण आहे, पण ती सहसा मुलांच्या चावट विचारांसाठी वापरतात. कागेसाकी यांनी ती मुलीला दिली आणि तिला दर महिन्याच्या त्रासासारखी पाळी लावली. मुलग्यांच्या मासिकात असे उघडपणे लिहिलेले पाहून मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. गंमत अशी की 'कॉमिक अलाइव'ही मुलींचे मासिक नाही. तेही पुरुष वाचकांसाठी निघते.

'कारिन'चा खरा ऐवज मात्र रक्तात नसून जेवणाच्या डब्यात आहे. केंताचे दुःख कमी झाले तर आपले रक्त उसळणार नाही, हे कळल्यावर कारिन त्याच्यासाठी डबा करून नेऊ लागते. केंताला दुपारी पोटभर खायला मिळत नसते. त्याची आई फुमियो कष्टाळू आहे, पण जिथे जाईल तिथे पुरुषांच्या त्रासामुळे तिची नोकरी टिकत नाही. तो डबा उघडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटणारे समाधान हे कारिनच्या दृष्टीने आधी केवळ औषध असते. ते औषध केव्हा प्रेम झाले हे तिला कळत नाही, आणि वाचकालाही बोट ठेवून सांगता येत नाही. भाड्याची खोली, संपलेला पगार, हॉटेलात एकत्र केलेली नोकरी अशा गोष्टींतून वाढणारे प्रेम या प्रकारच्या विनोदी मांगांत विरळाच. इमारती पडण्यापेक्षा मला ही पाने जास्त काळ आठवतात.

घरांच्या चित्रणातही तफावत आहे. कुरोएची आई रिंको हिला लेकीचे गुपित ठाऊक आहे आणि ती तिच्या पाठीशी उभी राहते. घर म्हणजे कुरोएला श्वास घेण्याची जागा. कारिनच्या घरात मात्र गर्दी आहे. आई कालेराला खोटे बोलणाऱ्यांचे रक्त आवडते, भाऊ रेनला ताणतणावाने पिचलेल्यांचे, आणि धाकटी बहीण आंजु वटवाघळांकरवी थोरलीवर पाळत ठेवते व तिला पाहिलेल्या माणसांच्या आठवणी पुसून टाकते. हे सारे हास्यास्पद रीतीने मांडलेले असले तरी घराण्याला मुलीचे वेगळेपण पचत नाही, ही टोचणी सतत जाणवते. 'सगळ्यांसारखी नाही म्हणून सगळे सांभाळून घेतात' हे वाक्य ज्या मुलीने आपल्या घरात ऐकले असेल, तिला कारिनच्या घरातले काही प्रसंग हसण्याच्या ओघात बोचतील.

माझ्या दृष्टीने निवडीचा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा गुपिताचा आहे. आराताला सुरुवातीला कुरोएचे गुपित माहीत नसते, आणि कथेचा ताण त्यावरच तोललेला आहे: त्याला कळले तर काय होईल, हा प्रश्न प्रत्येक भेटीत टांगता राहतो. केंताला मात्र सुरुवातीच्या खंडांतच कारिन कोण आहे ते कळते. त्यानंतर ती मालिका 'कळेल का' या प्रश्नाची राहत नाही. दोघांनी मिळून एक ओझे वाहण्याची होते, आणि त्यामुळे प्रेमाला वाढायला जागा मिळते. ज्यांना धाकधूक हवी त्यांनी पहिली घ्यावी, ज्यांना सहवास हवा त्यांनी दुसरी. केंताही आराताइतका देखणा नाही. त्याची नजर इतकी करडी आहे की लोक त्याला उगाचच घाबरतात, म्हणजे राक्षस समजले जाण्याचा थोडा अनुभव त्यालाही आहे.

व्यवहाराच्या काही गोष्टी. 'कारिन'मध्ये शारीरिक चावटपणा आणि स्त्रियांना होणाऱ्या त्रासाचे प्रसंग आहेत, म्हणून सोळाच्या आतल्या मुलांना देताना मोठ्यांनी आधी चाळून पाहावी. 'कॅरमलाइज' तुलनेने सोवळी आहे. टोक्योपॉपने 2011 मध्ये अमेरिकेतले प्रकाशन थांबवल्यामुळे 'चिबी व्हॅम्पायर'चे कागदी खंड जुन्या पुस्तकांतच शोधावे लागतात. 'कारिन'वर 2005 ते 2006 मध्ये 24 भागांची अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी चलचित्र मालिका आली, पण मांगा अपूर्ण असतानाच ती काढल्यामुळे तिची वाट पुढे वेगळी होते. तिला मांगाचा पर्याय समजू नये. आणि कोणी 'फ्रूट्स बास्केट'चे नाव घेईल, कारण ताकाया नात्सुकी यांच्या त्या 23 खंडांच्या मालिकेतही मिठी मारली की माणसाचा प्राणी होतो. मात्र तिथे नायिका माणूसच राहते, बदलतात ते आजूबाजूचे लोक, आणि विनोद लवकरच मागे पडून घराण्याच्या जखमा पुढे येतात. राक्षस होणाऱ्या मुलीची विनोदी प्रेमकथा हवी असेल तर ती सध्या बाजूला ठेवावी.

भाचीला मी 'कॅरमलाइज'चा पहिला खंड घ्यायला सांगितले. तिला नवे आणि सहज मिळणारे पुस्तक हवे होते, शिवाय मांगा उजवीकडून डावीकडे वाचण्याची तिला अजून सवय नव्हती आणि मोठ्या चित्रांची ही मालिका त्या सवयीसाठी सोयीची आहे. ज्याने पूर्वी पाच-सात मांगा वाचले आहेत आणि ज्याला पूर्ण झालेली गोष्ट हवी आहे, त्याला मी न कचरता 'कारिन' सांगेन. फक्त जुन्या पुस्तकांच्या ढिगात ती सापडली तर पहिला खंड एकटा घेऊ नये. त्यात नाकातल्या रक्ताचाच विनोद जास्त आहे, आणि तेवढ्यावरून मत बनवले तर पुढची डब्याची गोष्ट हातची निसटते. पहिले तीन खंड एकत्र मिळत असतील तेव्हाच पैसे मोजावेत.